मजल आधी, किलोमीटर नंतर

परदेशात सायकलवरून लांबचा प्रवास करायचा आहे, असे मी घरी आणि मित्रांत जाहीर केले तेव्हा प्रत्येकाने आपापला प्रश्न विचारला. मित्र म्हणाले, "एकूण किती किलोमीटर?" ऑफिसातले साहेब म्हणाले, "रजा किती लागेल?" धाकट्या भावाला सायकलची किंमत हवी होती. अम्मी भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारले, "रोज रात्री झोपणार कुठे? आणि पाणी?" पहिल्या तिघांची उत्तरे माझ्याकडे तयार होती. अम्मीला मी म्हणालो, "मिळेल कुठेतरी."

या उत्तराची किंमत मला उझबेकिस्तानात, बुखारा ते खिवा या रस्त्यावर मोजावी लागली. कागदावर मी रोजचे ११० किलोमीटर लिहून ठेवले होते. किझिलकुम वाळवंटात समोरून वारा सुटला. सपाट रस्त्यावर ताशी १८ किलोमीटर जाणारी सायकल ९ वर आली. दुपार कलेपर्यंत ४० किलोमीटरही झाले नव्हते, पाणी निम्म्यावर आले होते आणि माझ्या यादीतले पुढचे मुक्कामाचे गाव अजून खूप लांब होते. शेवटी एका ट्रकवाल्याला हात दाखवला. त्याने सायकल मागे टाकली, मला पुढे बसवले आणि न मागता अर्धी नान हातात दिली. त्या दिवशी मला लाज वाटली होती. आज वाटत नाही. लाज वाटायची तर त्या कागदाची वाटायला हवी.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. सायकलचा लांबचा प्रवास किलोमीटरवर आखू नये, मजलेवर आखावा. "मजल दरमजल करीत" असे आपण मराठीत सहज म्हणतो. हा 'मजल' शब्द अरबी 'मंजिल'वरून आलेला आहे. मंजिल म्हणजे उतरण्याची जागा. काफिला एका दिवसात चालून जिथे पोचेल आणि जिथे माणसाला, जनावराला पाणी मिळेल, ती मंजिल. अंतर त्यानंतर येते. समरकंदहून बुखाऱ्याला जाताना नवोईजवळ रबाती मलिक नावाची अकराव्या शतकातली सराई लागते. आता तिचे भव्य प्रवेशद्वार तेवढे उभे आहे. पण रस्त्याच्या पलीकडे घुमटाखाली बांधलेला पाण्याचा हौद अजून आहे. त्याला सरदोबा म्हणतात. २०२३ मध्ये या जागेचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. नऊशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी आधी पाणी आणि मुक्काम बांधला, मग त्यावरून काफिले नेले. मी मोबाईलमध्ये नकाशा घेऊन गेलो आणि नेमके तेवढेच विसरलो.

आता कुणाला खरोखर जायचे असेल तर नियोजन कसे करावे, ते याच रस्त्याच्या उदाहरणाने सांगतो. ताश्कंद ते समरकंद सुमारे ३०० किलोमीटर, समरकंद ते बुखारा सुमारे २७०, बुखारा ते खिवा सुमारे ४५०. सगळे मिळून हजाराच्या थोडे वर. पहिले दोन टप्पे बहुतेक सपाट, वस्तीचे, शेतीचे. तिसरा वाळवंटाचा. नवख्याला पहिले दोन पुरेसे आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिले काम कॅलेंडरचे. उन्हाळ्यात तिथे पारा ४० च्या वर जातो. जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतच्या सर्वात कडक चाळीस दिवसांना तिथले लोक 'चिल्ला' म्हणतात. आपल्याकडे चाळीस दिवसांच्या एकांताला हाच शब्द आहे. त्या चिल्ल्यात सायकल चालवणे हा नफ्सचा मुजाहदा असेल, सहल नव्हे. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. म्हणून एप्रिल ते मेचा मध्य, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. आपल्या शाळांची मेची सुट्टी आणि तिथली चांगली हवा अर्धीच जुळते. तेव्हा आधी ऋतू ठरवा, मग रजेचा अर्ज लिहा. ज्या महिन्यात जाणार त्या महिन्यात वारा कुठून वाहतो, तेही बघा. मी वायव्येकडे निघालो होतो आणि वारा वायव्येकडूनच येत होता. खिव्यापासून सुरुवात करून उलट दिशेने आलो असतो तर तोच वारा पाठीवर मिळाला असता.

दुसरे काम कागदांचे. उझबेकिस्तानचा ३० दिवसांचा ई-व्हिसा भारतीयांना घरबसल्या मिळतो. पण नियम बदलतात. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ पुन्हा वाचा, कुणाच्या दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर जाऊ नका. व्हिसा हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

इथे आपल्या लोकांची एक खास अडचण आहे. पासपोर्टवर 'मोहम्मद', आधारवर 'महंमद', बँकेत नुसते 'मो.', शाळेच्या दाखल्यावर 'मोहंमद'. शेखचे इंग्रजी स्पेलिंग तर एकाच घरात तीन प्रकारे सापडते. गावात कुणी विचारत नाही, विमानतळावर विचारतात. व्हिसा, तिकीट आणि विमा या तिन्हींवर पासपोर्टवरचेच नाव, त्याच अक्षरांत हवे. बँकेचे कार्डही शक्यतो त्याच नावाचे असावे. पासपोर्टमध्येच चूक असेल तर ती प्रवासाच्या सहा महिने आधी दुरुस्त करायला घ्या. आपल्या नावाच्या माणसाला चार प्रश्न जास्त विचारले जातात, अशी तक्रार आपण करतो आणि ती पुष्कळदा खरीही असते. म्हणूनच कागद असे ठेवावेत की पाचवा प्रश्न विचारायला जागा राहू नये.

तिथे परदेशी पाहुण्याची मुक्कामाची नोंदणी व्हावी लागते. हॉटेलवाले ती करतात आणि पावती देतात. ती पावती जपून ठेवा. कुणाच्या घरी किंवा तंबूत राहणार असाल तर नोंदणीचे काय करायचे, ते आधीच विचारून घ्या. "अस्सलामु अलैकुम" म्हटल्यावर दारे उघडतात, हा माझा अनुभव आहे. छातीवर हात ठेवून म्हातारे लोक उत्तर देतात आणि चहाला बसवतात. पण सलाम हा व्हिसा नाही. एखाद्या मुस्लिमबहुल देशात मुसलमान म्हणून सगळे आपोआप सोपे जाईल, हा आपल्यापैकी अनेकांचा समज मी तिथे ठेवून आलो. सत्तर वर्षे सोव्हिएत राजवटीखाली राहिलेला तो देश आहे. त्याचे कायदे त्याचे आहेत आणि पाहुण्याने ते पाळायचे असतात.

आणखी दोन गोष्टी. ड्रोन नेऊ नका, तिथे त्यावर बंदी आहे. आणि आपल्या सवयीप्रमाणे औषधांची पिशवी भरून नेऊ नका. कोडीन, ट्रामाडोलसारखे घटक असलेल्या गोळ्यांबाबत तिथले नियम कडक आहेत. लागतील तेवढीच औषधे, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या.

तिसरे काम दिवसांच्या हिशेबाचे. भरलेल्या सायकलवर रोज सरासरी ७० किलोमीटर धरा. कमी वाटतात ना? हनफी फिकहात माणूस मुसाफिर ठरायला तीन दिवसांची वाट लागते आणि आपले उलमा ती साधारण ४८ मैल, म्हणजे ७७-७८ किलोमीटर धरतात. तेवढा प्रवास असेल तर चार रकातींच्या जागी दोन पढण्याची सवलत मिळते, तिला कसर म्हणतात. म्हणजे ज्या अंतराला जुने लोक तीन दिवस देत, ते सायकल एका दिवसात कापते. त्याहून जास्त हाव कशाला? शरीर थकते हे शरीयतने मान्य केले आहे, आपल्या वेळापत्रकानेही करावे.

हजार किलोमीटर भागिले ७० म्हणजे सायकल चालवण्याचे १५ दिवस. समरकंद आणि बुखाऱ्यात प्रत्येकी दोन दिवस, खिव्यात एक, असे विश्रांतीचे पाच. सुरुवातीला सायकल जोडायला, सिमकार्ड घ्यायला, पैसे बदलायला दोन. परतताना सायकल बांधायला दोन. आजारपण, वारा, मोडतोड यांसाठी मोकळे तीन. झाले २७ दिवस. ३० दिवसांच्या व्हिसात तीन दिवस शिल्लक राहतात. हे मोकळे दिवस आळसाचे नाहीत, ते विम्याचे आहेत. मी एकही ठेवला नव्हता.

नोकरदाराला २७ दिवस कोण देणार, हा प्रश्न रास्त आहे. त्याने ताश्कंद ते बुखारा एवढेच करावे. ५७० किलोमीटर, चालवण्याचे आठ दिवस, समरकंदमध्ये दोन, सुरुवातीला दोन, शेवटी एक, मोकळा एक. दोन आठवड्यांत होते. वाळवंट राहिले तर राहू द्या, ते कुठे जात नाही.

आता प्रत्येक दिवसापुढे वहीत तीन रकाने आखा. रात्रीचा मुक्काम, पाणी मिळण्याच्या जागा, आणि नाही जमले तर काय. हा तिसरा रकाना सर्वात महत्त्वाचा. "वाटेत अमुक गावी थांबता येईल", "इथून बस जाते", "दुपारी दोनपर्यंत निम्मे अंतर झाले नाही तर ट्रक थांबवायचा." निर्णय घरी शांतपणे घेतलेला असला की उन्हात अहंकाराशी भांडावे लागत नाही. बुखाऱ्याहून गझली ओलांडले की चहाखाने विरळ होत जातात. तिथे दिवसाला आठ-दहा लिटर पाण्याची तयारी हवी आणि दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन. ते धरूनच सामान भरा.

सायकलबद्दल लोक सर्वात जास्त बोलतात, म्हणून मी सर्वात कमी बोलतो. महागडी लागत नाही, मजबूत लागते. पोलादी फ्रेम, मागे कॅरिअर नीट बोल्टने बसेल अशी सोय, जरा रुंद टायर, आणि मागच्या चाकाला जास्त तारा. ओझ्याने मागच्या चाकाच्या तारा तुटतात, त्याही बहुधा साखळीच्या बाजूच्या. चार-पाच तारा आणि त्या बदलायचे ज्ञान सोबत हवे. दोन ट्यूब, पंक्चरचे सामान, साखळी तोडायचे आणि जोडायचे साधन, गिअर-ब्रेकच्या केबल, षटकोनी चाव्या. पाणी सोडून सगळे सामान १५-१८ किलोत बसवा. घरच्या वजनकाट्यावर प्रत्येक पिशवी ठेवून बघा. जे "कदाचित लागेल" ते घरी ठेवा.

विमानात सायकल खोक्यात जाते. खोके सायकलच्या दुकानात मागितले तर मिळते. पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. विमान कंपनीकडून सायकल नेण्याबाबत लेखी उत्तर घ्या आणि ते छापून जवळ ठेवा. फोनवरच्या "हो, चालेल"ला काउंटरवर किंमत नसते. येताना पुन्हा खोके लागते, हेही आधी ठरवा. तिथल्या रेल्वेत सायकल घेतीलच असे धरू नका, स्टेशनवर जाऊन आधी विचारा.

जिवाची काळजी. परदेश म्हटले की घरच्यांना दहशतवाद आठवतो. तो धोका खोटा नाही. शेजारच्या ताजिकिस्तानात २९ जुलै २०१८ रोजी दंगारा भागात चार परदेशी सायकलस्वारांची हत्या झाली. म्हणून जाण्याआधी त्या भागाची ताजी परिस्थिती वाचलीच पाहिजे. पण रोजचा धोका वाहनांचा असतो. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आपल्या उलट. पहिले दोन दिवस चौकात डोके चुकीकडेच वळते. आरसा हँडलच्या डाव्या बाजूला लावा, भडक रंगाचे कपडे घाला, अंधार पडल्यावर चालवू नका. ताश्कंदच्या गर्दीत पहिल्याच सकाळी निघण्यापेक्षा एक दिवस शहरातल्या छोट्या रस्त्यांवर सराव करा.

विम्याचा कागद बारीक अक्षरांसह वाचा. पुष्कळ पॉलिसींत 'साहसी खेळ' वगळलेले असतात. सायकलप्रवास त्यात मोडतो का, ते लेखी विचारा. खिशात एक कागद ठेवा. त्यावर रक्तगट, ॲलर्जी, घरचा नंबर आणि ताश्कंदमधल्या भारतीय दूतावासाचा नंबर, उझबेक आणि रशियन भाषांत लिहून घ्या. आपले यूपीआय तिथे चालणार नाही असेच धरा. थोडे स्वच्छ, न दुमडलेले डॉलर आणि गावांसाठी स्थानिक सोम रोख ठेवा.

घरी निरोप द्यायची वेळ ठरवा आणि नेटवर्क नसेल ते दिवसही आधीच सांगून ठेवा. "गुरुवार-शुक्रवार फोन येणार नाही, शनिवारी रात्रीपर्यंत वाट बघ" असे सांगितले तर आई दोन दिवस दुआ करते. न सांगता फोन बंद झाला तर तेच दोन दिवस ती रडते. नियोजनात हा खर्च कुणी धरत नाही.

खाण्याचे सोपे आहे. पुलाव, लगमान, शोरवा, समसा, नान आणि दिवसभर हिरवा चहा. तरी कुठलेही मांस डोळे झाकून हलाल समजू नका, विशेषतः सॉसेज. विचारले तर कुणी रागावत नाही. शाकाहारी मित्रांना थोडी कसरत करावी लागेल, त्यांनी खजूर, शेंगदाणे, सुका मेवा जवळ ठेवावा. नान मात्र पालथी ठेवू नका, तिथे तो रोटीचा अपमान समजतात. जमिनीवर पडलेला भाकरीचा तुकडा उचलून बाजूला ठेवणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, हे आपले काम नव्हे, हे पैसेवाल्यांचे आणि गोऱ्यांचे चोचले. त्यांना एक जुनी गोष्ट सांगतो. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. इराण, इराक, सीरियाचे वाळवंट ओलांडत ते युरोपकडे गेले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती प्रदक्षिणा १९२८ मध्ये पूर्ण केली. त्यांच्याकडे मोबाईल नव्हता, गिअर नव्हते. सहापैकी तीन पोचले, हेही मी मुद्दाम सांगतो. जे थांबले, ते नापास झाले असे मी मानत नाही.

आपल्या मोहल्ल्यातले तरुण परदेशी जातात ते नोकरीला, नाहीतर हज-उमऱ्याला. दोन्ही चांगलेच. पण नुसते बघायला, माणसांना भेटायला, कुणाच्या ओसरीवर चहा प्यायला जाणे आपण उधळपट्टीत मोजतो. मुलींच्या बाबतीत तर विषयच निघत नाही. मला वाटते, नियोजन ही या सगळ्यांवरची मोठी चावी आहे. वहीत तीन रकाने भरून आईबापांसमोर ठेवणारी मुलगी "मला जायचंय" एवढेच म्हणणाऱ्या मुलापेक्षा जास्त भरवशाची वाटते. दोघी-तिघींनी मिळून, वस्तीच्या टप्प्यांचा प्रवास आखला तर नाही म्हणायला कारण शोधावे लागेल.

सुरुवात मात्र ताश्कंदपासून करू नका. परदेशी नेणार तेच सामान सायकलवर लादून तीन दिवस कोकणात जा. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, अशा फेरीबोटी पकडत किनाऱ्याने खाली उतरा. त्या चढउतारांवर सामानातला प्रत्येक फालतू किलो आपले नाव सांगतो. एखादे पंक्चर स्वतः काढा, एक रात्र अनोळखी गावात मशिदीच्या किंवा देवळाच्या बाजूला परवानगी मागून मुक्काम करा. तीन दिवसांनी घरी आल्यावरही जावेसे वाटले, तर पासपोर्ट काढा.

मी पुन्हा जाणार आहे. या वेळी वही आखली, पंधरा मुक्काम लिहिले आणि अम्मीला वाचून दाखवले. तिने सगळे ऐकले आणि विचारले, "आठव्या दिवशी पाण्यापुढे काही लिहिलं नाहीस?" खरेच राहिले होते.